तुमचे प्रश्न: पडद्याचं माप नेमकं कुठून कुठपर्यंत घ्यायचं?

प्रश्न: ताई, डोंबिवलीत नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय. बेडरूमला स्लायडिंगची खिडकी आहे, बिल्डरच्या प्लॅनवर ५ बाय ४ लिहिलंय पण मी टेप लावली तर रुंदी वर ५९ इंच आणि खाली साडेएकोणसाठ येतेय. खिडकीच्या आत रोलर ब्लाइंड (चेन ओढली की वर गुंडाळलं जाणारं सपाट कापड) ऑनलाइन मागवायचंय आणि बाहेरून पडदे. आमचे हे म्हणतात प्लॅनवरचं माप देऊन टाक, अर्ध्या इंचाने काय होतंय, आणि सासूबाई म्हणतात रेडिमेड पडदे आणून मोकळी हो. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: ह्यांना सांगा, अर्धा इंच पडद्यात खपून जातो, ब्लाइंडमध्ये नाही खपत. आणि प्लॅनवरचं माप तर विसराच, ते प्लास्टर आणि ग्रॅनाइटची पट्टी लागायच्या आधीचं असतं.

आधी ब्लाइंडचं बघू. स्टीलची टेप घ्या, शिवणकामाची कापडी नको, ती वापरून वापरून ताणलेली असते. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यात कमी येईल तीच धरायची, म्हणजे तुमचे ५९, पण मधलं माप तुम्ही लिहिलेलंच नाही तेवढं बघून घ्या. उंची पण डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मग दोन्ही कर्ण मोजा, त्यांच्यात अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक आला तर खिडकी गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, असं समजा आणि ब्लाइंड आत बसवायचा हट्ट सोडून सरळ बाहेर भिंतीवर लावा, दोन्ही बाजूंना दोन-तीन इंच जास्त घेऊन. आत लावायचं तर ग्रॅनाइटच्या कडेपासून स्लायडिंगच्या हँडलपर्यंत साधारण तीन इंच मोकळी जागा लागते, मच्छरजाळीचं शटर आतल्या ट्रॅकवर असेल तर तिथूनच मोजा.

आता दोन गोष्टी ज्यात हमखास गोंधळ होतो. एक म्हणजे ब्रॅकेटसाठी कापड थोडं कमी कापावं लागतं, ते कंपनीवाले स्वतः कमी करतात. तुम्ही पण आपल्या मनाने अर्धा इंच कमी करून पाठवला तर दोनदा कमी होतं आणि दोन्ही कडांनी सकाळचं ऊन थेट डोळ्यावर. त्यामुळे खिडकीचं आहे तेच माप द्या आणि आत लावणार की बाहेर ते स्पष्ट लिहा. दुसरं म्हणजे फूट-इंचाचं दशांश. साडेचार फूट म्हणजे ४ फूट ६ इंच, पण वेबसाइटच्या चौकटीत लोक ४.६ टाकतात आणि ते होतं ४ फूट ७ इंचाच्याही थोडं वर, मग ते ब्लाइंड खिडकीत शिरतच नाही आणि मापाने बनवलेली वस्तू सहसा कोणी परत घेत नाही. सगळं इंचात नाहीतर मिलिमीटरमध्येच लिहा. सुताराने मोजून दिलं असेल तर तो सूत सांगेल, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आणि पहिली रुंदी, मग उंची, हे तर शब्दात लिहून पाठवा.

पडद्याचं गणित वेगळं. तिथे खिडकी मोजायचीच नाही, रॉड मोजायचा. म्हणून आधी रॉड लावून घ्या, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त आणि खिडकीच्या वर सहा इंच. तुमचा रॉड झाला साधारण ७२ इंच. चुण्या नीट पडायला कापड दुप्पट लागतं म्हणजे १४४, कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ इंचाचा असेल तर तीन पट्टे, दोन्ही पडद्यांना दीड-दीड. रॉडपासून जमिनीपर्यंत ९० इंच असेल तर वरच्या-खालच्या दुमडीला १२ इंच धरून पट्ट्याला १०२, तिन्ही मिळून आठ मीटरमध्ये बसतं. मोठं डिझाइन असेल तर दुकानदाराला विचारा ते किती इंचांनी परत येतं, जुळवायला जास्त कापड लागेल.

सासूबाईंचं पण अगदीच चूक नाही हं. रेडिमेड खिडकीचा पडदा ५ फुटी मिळतो आणि तुमची खिडकी ४ फूट, वर-खाली सहा-सहा इंच धरले की बरोबर ५ फूट. फक्त ते साधारण ४ फूट रुंद असतात म्हणून दोन आणू नका, दोनात चुण्या पडत नाहीत, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. तीन आणा.

घरात लहान मूल असेल तर ब्लाइंडची चेन लोंबती ठेवू नका, गळ्यात अडकू शकते. भिंतीला क्लिप लावून ताणून घ्या आणि पाळणा, पलंग तिथून लांब.

प्रश्न: हॉलच्या खिडकीच्या डोक्यावरच एसी आहे, मध्ये जेमतेम चार इंच. रॉड बसेल का?
– एक वाचक, औंध

उत्तर: बसेल, पण एसीचा फ्लॅप पूर्ण उघडून मग मोजा. बंद एसी बघून ब्रॅकेट ठोकतात आणि मग गार हवा पडद्यात अडकते. जाड रॉडऐवजी भिंतीला चिकटून जाणारा ट्रॅक घ्या. आणि भिंत काँक्रीटची असेल तर घरच्या साध्या ड्रिलने वेळ घालवू नका, हॅमर ड्रिलवाला बोलवा.

प्रश्न: आमचं रत्नागिरीचं जुनं घर आहे, खिडक्यांची लाकडी दारं आत उघडतात. पडदा सारखा दारात अडकतो.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: मग पडदा दारावरच लावा की. प्रत्येक दाराला वर एक, खाली एक अशी बारीक दांडी, काचेपेक्षा दोन्ही बाजूंना इंचभर जास्त, आणि मध्ये पातळ सुती कापड ताणून. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकतं का ते आधी बघा, नाहीतर दांडी भिंतीवर आपटेल. सुती कापड शिवायच्या आधी एकदा धुऊन वाळवा, ते आटतं आणि ताणून लावलेल्या पडद्यात ते लगेच कळतं. स्क्रू पितळी घ्या, खाऱ्या हवेत लोखंडी गंजून कापडावर डाग पडतात.