लांबलचक अर्ज भरताना मध्येच सेशन संपते. टाइमआउट किती ठेवावा?

चार पानांचा अर्ज भरता भरता वापरकर्त्याचे सेशन (लॉगिननंतर सर्व्हर त्याला ओळखून त्याची माहिती धरून ठेवतो तो काळ) संपते, तेव्हा टाइमआउट, म्हणजे काही हालचाल नसताना सेशन टिकण्याची मुदत, वीस मिनिटांवरून एक तास करावा की दोन तास, असे आपण विचारले आहे. आकडा हवा तो ठेवा, पण भरलेली माहिती सेशनच्या भरवशावर ठेवू नका. ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचे खापर दोन महिने अर्जदारांच्या माथी फुटत होते, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१६ मध्ये एका संस्थेच्या शिष्यवृत्ती अर्जाचे काम माझ्याकडे होते. अर्ज पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला, पाच पानांचा, आणि शेवटी ‘सबमिट’ दाबेपर्यंत सगळी माहिती सेशनमध्येच राहत असे. तक्रारी वाढल्या तेव्हा मी तालुक्याच्या गावी एका सायबर कॅफेत दिवसभर जाऊन बसलो. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, पासबुक आणि दाखल्यांच्या झेरॉक्स होत्या. तिसऱ्या पानावर उत्पन्नाच्या दाखल्याचा बारकोड क्रमांक मागितला होता, तो झेरॉक्समध्ये पुसट आला होता, म्हणून मूळ दाखला आणायला वडील घरी गेले. ते परतल्यावर मुलीने आकडे दोनदा ताडून भरले, ‘पुढे’ दाबले आणि समोर लॉगिनचे कोरे पान आले. ती काहीच बोलली नाही. कॅफेचालक एरवी शेजारच्या टॅबमध्ये आमचेच संकेतस्थळ उघडून दर पाच मिनिटांनी रिफ्रेश करीत असे, ‘‘साइट झोपू नये म्हणून’’. त्या दिवशी गर्दीत ते राहून गेले होते.

परत येऊन मी वरिष्ठांना हे सांगितले. लोकांनी सगळी कागदपत्रे जवळ घेऊनच बसावे आणि वेळ वाढवल्यास सुरक्षा तपासणीत शेरा येईल, असे त्यांचे म्हणणे होते. बरीच हुज्जत घातल्यावर एक तास मंजूर झाला. मी सेटिंगमध्ये ३६०० सेकंद लिहिले, तरीही अर्ज अर्ध्या तासाच्या आतच उडत राहिले, आणि ‘‘बघा, वेळ वाढवूनही लोकांना जमत नाही’’ हे मला भर बैठकीत ऐकावे लागले. खरे कारण निराळेच निघाले. त्याच सर्व्हरवर दुसरे एक छोटे ॲप्लिकेशन होते, त्याची मुदत पीएचपीची मूळचीच, म्हणजे १४४० सेकंद होती आणि दोघांच्या सेशनच्या फायली एकाच फोल्डरमध्ये पडत होत्या. त्याची साफसफाई चालली की चोवीस मिनिटांहून जुन्या आमच्या फायलीही जात. फोल्डर वेगळे केल्यावर हा प्रकार थांबला. बैठकीतले ते वाक्य मात्र कोणी मागे घेतले नाही.

म्हणून सांगतो, प्रत्येक पानाचे ‘पुढे’ दाबताच मसुदा अर्ज क्रमांकाखाली डेटाबेसमध्ये टाका, आणि पान लांब असेल तर रकाना सोडतानाही टाका. सेशन संपलेच तर त्याच पानावर लॉगिनची छोटी चौकट उघडा, मग नवे सीएसआरएफ टोकन (विनंती आपल्याच पानावरून आली हे सर्व्हरला पटवणारा गुप्त संकेत) मागवा आणि नंतरच माहिती पुन्हा पाठवा; नाहीतर लॉगिन होऊनही लारावेल (पीएचपीचे फ्रेमवर्क) ४१९ ही ‘पानाची मुदत संपली’ अशी त्रुटी दाखवून मोकळे होईल. पार्श्वभूमीला सर्व्हरला पिंग करत (थोड्या थोड्या वेळाने छोटी विनंती पाठवत) सेशन जागे ठेवण्याची युक्ती मला पसंत नाही, कारण फोन लॉक झाला की ते पिंग थांबतात आणि उघड्या टाकून गेलेल्या संगणकावर सेशन उगाच जिवंत राहते.

पुन्हा लॉगिन केल्यावर माहिती न गमावता काम पुढे नेता आले पाहिजे, हा निकष डब्ल्यूसीएजी २.० या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये २००८ पासून २.२.५ या क्रमांकाने लिहिलेला आहे. तो एएए या सर्वांत कडक स्तराचा आहे, म्हणजे सहसा कोणी बंधनकारक धरत नाही, हे मान्य. पण त्या बैठकीत मला तो ठाऊक असता तर तपासणीच्या शेऱ्याचा धाक मीही दाखवला असता. शिवाय मसुदा जपला जात असता तर वरिष्ठांना हवी तेवढी छोटी मुदत मी विनातक्रार ठेवली असती.

बँकेच्या किंवा पैसे भरण्याच्या पानाला यातले बरेचसे लागू नाही. तिथे मुदत छोटीच बरी. मसुदा ब्राउझरच्या लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे त्याच संगणकावरच्या साठ्यात, ठेवण्याचा मोह होईल, पण कॅफेतल्या संगणकावर पुढच्या गिऱ्हाइकाला आधीच्याचा आधार क्रमांक दिसेल, तेव्हा ते करू नका. आणि फाइल निवडण्याचा रकाना ब्राउझर पुन्हा भरून देत नाही, म्हणून दाखला अपलोड होताच मसुद्याला जोडून टाका, ‘सबमिट’ची वाट पाहू नका.