एका वर्षासाठी परदेशात नोकरीला जायचं आहे, तयारी कशी करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनी वर्षभरासाठी बाहेर पाठवतेय, हातात अडीच महिने आहेत, याआधी देशाबाहेर कधी राहिलेला नाहीत, तर बरोबर काय न्यावं आणि कशाकशाची तयारी करावी. देश कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून कुठेही लागू पडेल असंच लिहिते. मी स्वतः असं एक वर्ष काढलंय, आणि आता आमच्या कंपनीत बाहेर जाणाऱ्या लोकांचे कागद, घरं आणि परतीची व्यवस्था बघणं हेच माझं काम आहे.

बॅगेचा विचार शेवटच्या आठवड्यावर टाका. राहिलेला स्वेटर तिथे विकत मिळतो, राहिलेली सही मिळत नाही.

मुळात एक वर्ष ही फार अडनिडी मुदत आहे. पर्यटकाच्या सवलती तुम्हाला लागू होत नाहीत, आणि कायमचं जाणाऱ्यासारखं सगळं विकून-सवरून निघण्यातही अर्थ नसतो. वर्षभर तुमचं घर, बँक, फोन नंबर आणि आयकर, सगळं दोन-दोन ठिकाणी असणार. त्यामुळे तिथे काय लागेल याच्या दुप्पट विचार मागे काय सोडून जातोय याचा करावा लागतो, आणि नेमका तोच कोणी करत नाही.

सुरुवात कंपनीच्या पत्रापासून. पत्र हातात पडलं की माणसं पगाराचा आकडा बघतात आणि सही ठोकून मोकळी होतात. मी आधी बघते की पगार कुठल्या देशात, कुठल्या चलनात जमा होणार. दोन्हीकडची विवरणपत्रं भरून देणाऱ्या कर सल्लागाराचे पैसे कोण देणार? प्रकल्प मध्येच गुंडाळला तर तिथल्या घराच्या उरलेल्या भाड्याचं काय? आणि परत आल्यावर कुठल्या जागेवर बसायचं? या शेवटच्या मुद्द्यावर साहेब हसून ‘ते काय, आहेच की’ म्हणतात. वर्षभरात साहेबच बदललेले असतात. साध्या ईमेलवर का होईना, लेखी घ्या.

पासपोर्टची मुदत आजच बघा. किमान सहा महिने शिल्लक हवेत हा बऱ्याच देशांचा नियम प्रवेशापुरता आहे. राहण्याचा परवाना मात्र अनेक ठिकाणी पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देतच नाहीत. दीड वर्षाहून कमी मुदत उरली असेल तर आधी नूतनीकरण, मग व्हिसा. उलटं केलंत तर व्हिसाच्या कागदांवर जुना नंबर जातो आणि सगळं पहिल्यापासून.

पदवी, जन्मदाखला, विवाहाचा दाखला हे कागद परदेशी कार्यालयात तसेच्या तसे चालत नाहीत. त्यासाठी १९६१च्या हेग करारातली अपोस्टिलची सोय आहे. सव्वाशेच्या आसपास देश त्यात आहेत, चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये आला. अपोस्टिल म्हणजे दाखल्यावरची सही आणि शिक्का खरा आहे एवढीच ग्वाही, मजकुराची नव्हे. यात एक खोच आहे. दोन्ही देश करारात असले तरी एकाने दुसऱ्याच्या प्रवेशाला आक्षेप घेतलेला असू शकतो. भारत २००५ पासून करारात आहे, पण जर्मनीने आक्षेप घेतल्यामुळे या दोघांत अपोस्टिल चालत नाही. तेव्हा ‘अपोस्टिल करून घ्या’ असं कोणी सांगितलं तरी तुमच्या देशांच्या जोडीला ते लागू आहे का, हे त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर बघा. या कामाला आठवडे जातात, म्हणून ते यादीत वर.

आता पोचल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस. जर्मनीत नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, जपानमध्ये १४ दिवसांत, नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहणार असाल तर ५ दिवसांत. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात नोंदीला पत्ता हवा, भाड्याच्या घराला पगाराची स्लिप किंवा तिथलं बँक खातं हवं, आणि खात्याला नोंदलेला पत्ता हवा, असं ते चक्र फिरत राहतं. ते फोडायची जागा म्हणजे पहिल्या महिन्याचं तात्पुरतं घर. बुक करताना भाडं आणि फोटो बघण्याआधी एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावर माझी अधिकृत नोंद होईल का? जर्मनीत त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक छोटा फॉर्म लागतो. कित्येक सुट्टीतल्या भाड्याची घरं देणारे तो देत नाहीत, आणि मग माणूस महिनाभर भाडं भरूनही कागदोपत्री कुठेच राहत नसतो.

पक्कं घर घेताना भाडेकरारात मध्येच सोडण्याची सोय आहे का ते बघा. डिपॉझिटची मर्यादा काही ठिकाणी कायद्यानेच ठरलेली असते: जर्मनीत जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं, इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना पाच आठवड्यांचं. तुमची इथली कर्जफेडीची पत सहसा सीमेपलीकडे जात नाही, तिथल्या घरमालकाच्या लेखी तुम्ही कोरे. कंपनीचं पत्र, तीन पगाराच्या स्लिपा आणि आधीच्या घरमालकाची चार ओळींची चिठ्ठी असली की बोलणं सुरू होतं. पहिला पगार महिन्याअखेर, डिपॉझिट मात्र पहिल्याच आठवड्यात, तेव्हा दोन महिन्यांची बेगमी हाताशी ठेवा आणि वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डं वेगवेगळ्या खिशांत.

मी सगळ्यात जास्त बडबड करते ती फोन नंबरवर. आमचा एक सहकारी बाहेर जाताना जुनं सिमकार्ड आईच्या फोनमध्ये घालून गेला, ओटीपी आला की ती सांगेल म्हणून. आठवडाभरात घर मिळालं, डिपॉझिट संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं, पैसे इथल्या खात्यात. पलंगाच्या कडेला लॅपटॉप घेऊन बसला, रक्कम टाकली, पडद्यावर सेकंद उलटे मोजायला लागले. इकडे रात्रीचे तीन. आईने फोन उचलला तोवर वेळ संपलेली. दुसऱ्या खेपेला तिने घाईत अंक उलटसुलट वाचले, तिसऱ्या खेपेला बँकेने खातं चोवीस तासांसाठी बंद केलं. घर दुसऱ्याला गेलं.

म्हणून जुना नंबर तुमच्याच फोनमध्ये, रोमिंगवर एसएमएस येतात याची खात्री करून, वर्षभर जिवंत ठेवा. वापर नसलेला नंबर कंपन्या काही काळाने बंद करतात आणि पुढे दुसऱ्याला देतात, तेव्हा छोटं रिचार्ज चालू राहू द्या. दोन नंबर एका फोनमध्ये ठेवताना जुना नंबर प्लॅस्टिकच्या सिमवर आणि नवा ई-सिमवर (फोनच्या आतच असलेल्या, कार्ड नसलेल्या सिमवर) असं मी सुचवते. फोन फुटला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम परत मिळवायला कधी कधी कंपनीच्या दुकानात जावं लागतं, आणि ते दुकान समुद्रापलीकडे असतं. ज्या ज्या खात्यांना ऑथेंटिकेटर अ‍ॅप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं अ‍ॅप, चालतं तिथे एसएमएसऐवजी ते लावा आणि फोन हरवला तर खातं उघडून देणारे रिकव्हरी कोड कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा. हे सगळं निघायच्या महिनाभर आधी. विमानतळावर नको.

त्याच्याच जोडीला मुखत्यारपत्र. घर भाड्याने देणं, एखादा विम्याचा दावा, सोसायटीच्या सह्या, यासाठी विश्वासातल्या माणसाला मर्यादित कामांचं मुखत्यारपत्र देऊन जा. सगळे अधिकार देणारं कुलमुखत्यारपत्र एका वर्षासाठी कशाला? कामं नावानिशी लिहा, संपण्याची तारीख घाला. हे इथे असताना एका दिवसाचं काम आहे, तिथून करायचं तर वकिलातीची वेळ घ्या, रजा काढा.

आयकराबद्दल ‘१८३ दिवस’ हा आकडा तुम्ही ऐकला असेल. देशादेशांतल्या दुहेरी कर टाळण्याच्या बहुतेक करारांत तो आहे: बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त तिथे राहिला नाहीत, पगार देणारा तिथला नसेल आणि पगाराचा खर्च तिथल्या शाखेवर पडत नसेल, तर नोकरीच्या देशाला सहसा कर लावता येत नाही. तिन्ही अटी एकत्र लागतात, आणि वर्षभर राहणारा पहिल्याच अटीत बाद होतो. म्हणजे तिथे कर भरणं आलंच. इथे कुठल्या वर्षी निवासी धरले जाल हा वेगळा प्रश्न, आणि त्यात निघण्याच्या तारखेचा खेळ असतो, कारण करवर्षं जुळत नाहीत. भारताचं १ एप्रिलला सुरू होतं, ब्रिटनचं ६ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाचं १ जुलैला, जर्मनीचं १ जानेवारीला. दोन आठवडे पुढेमागे निघाल्याने हिशेब बदलू शकतो, तेव्हा तिकीट काढायच्या आधी सल्लागाराला विचारा, नंतर विचारून तो फक्त मान हलवेल. इथल्या बँकेलाही कळवा, निवासाचा दर्जा बदलला की खात्याचा प्रकार बदलावा लागू शकतो.

पेन्शन आणि सामाजिक सुरक्षेची वर्गणी हे त्याचंच धाकटं भावंड. दोन देशांत तसा करार असेल तर मायदेशातली वर्गणी चालू असल्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि तिथे पुन्हा कापली जात नाही. ते कंपनीने काढायचं असतं. तुम्ही आठवण करायची असते.

औषधांच्या बाबतीत लोक फार बिनधास्त असतात. इथे सर्रास मिळणारी गोळी तिथे अमली पदार्थांच्या यादीत असू शकते. जपानमध्ये अ‍ॅम्फेटामाइन असलेली औषधं डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि सर्दीच्या औषधात स्युडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर असेल तर तेही नाही. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांना आधी परवानगी लागते. चिठ्ठीवर ब्रँडसोबत जेनेरिक (औषधातल्या मूळ घटकाचं) नाव, डोस आणि आजार इंग्रजीत लिहून घ्या, गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. दात आणि चष्मा निघण्यापूर्वी उरका, दातांचा खर्च अनेक विम्यांत नसतो. प्रवास विमा नोकरीच्या वर्षासाठी पुरत नाही, पण पोचल्यापासून तिथला आरोग्य विमा सुरू होईपर्यंतची फट त्याने बुजवा. इथली आरोग्य पॉलिसी हप्ता वाचवायला बंद करू नका, नव्याने घेताना जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ बहुधा पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय परवाना रस्ते वाहतुकीच्या दोन आंतरराष्ट्रीय करारांखाली निघतो, १९४९चा आणि १९६८चा. जपान फक्त १९४९चा मानतो. शिवाय रहिवासी झाल्यावर ही मुभा आटते: जर्मनीत तुमचा परवाना सहा महिनेच चालतो. वर्षाच्या मध्यावर अचानक गाडी बंद, असं होतं ते यामुळे.

मनाचंही विचारायला हवं होतंत, पण ते कोणी विचारत नाही. १९५५ मध्ये लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास छापला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले बरे रुळले होते, मधल्या मुदतीचे सर्वांत कमी. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर बरीच टीका केली, सगळ्यांना तो बसत नाही हे खरंच. पण माझ्याकडे येणारे फोन साधारण त्या मधल्या मुदतीतलेच असतात: नवलाई ओसरलेली, ओळखी अजून वरवरच्या, आणि ‘आता राहिलंयच किती’ म्हणून नवं काही सुरू करायचा कंटाळा. त्यामुळे दर आठवड्याला ठरलेल्या वारी भेटणारी एखादी मंडळी, मग ती गाण्याची असो की बॅडमिंटनची, पहिल्याच महिन्यात गाठा. भाषाही निघण्यापूर्वी आकडे, वेळ, पत्ता आणि ‘हळू बोला’ एवढी तोंडावर असू द्या, व्याकरण नंतर बघता येईल.

बॅगेचं विचारलंत म्हणून: चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलं असेल तर फक्त प्लगचा अडॅप्टर लागतो. केस वाळवायचं यंत्र बहुधा एकाच व्होल्टेजचं असतं, जपानमध्ये १०० आणि अमेरिकेत १२० व्होल्ट असतात, तेव्हा ते घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या सामानात, १०० वॉट-तासांच्या आत. मूळ कागद अंगाजवळच्या पिशवीत.

जोडीदार बरोबर येणार असेल तर त्यांच्या व्हिसावर नोकरीची परवानगी आहे का हे वेगळं विचारून घ्या. बऱ्याच देशांत सोबत राहता येतं, काम करता येत नाही, आणि हे कंपनीच्या पत्रात लिहिलेलं नसतं. मुलं असतील तर लसीकरणाचं कार्ड आणि शाळेचे दाखले अपोस्टिलच्या त्याच गठ्ठ्यात घाला. देश ठरलाय का ते कळवा, मग तिथल्या नोंदणीचं नेमकं सांगता येईल.