मृत्युपत्र मे महिन्यात, मृत्यू फेब्रुवारीत?

प्रश्न : माझे जावई मॅसॅच्युसेट्सचे आहेत. १६२० मध्ये इंग्लंडहून वसाहत करणाऱ्यांना घेऊन आलेल्या 'मेफ्लॉवर' जहाजातून आलेला जॉन हाउलंड हा आपला मूळपुरुष, असे त्यांच्या घरात सांगतात. नातीसाठी वंशावळ लिहायला घेतली, तर एका जुन्या पुस्तकात हाउलंडची पत्नी एलिझाबेथ ही त्या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचे पहिले गव्हर्नर कार्व्हर यांची नात म्हटली आहे, दुसऱ्यात जॉन टिली या सहप्रवाशाची मुलगी. शिवाय मृत्युपत्र मे १६७२ चे आणि मृत्यू फेब्रुवारी १६७२ चा! खरे काय मानावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : तारखेचे कोडे आधी सोडवू. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांचा फेब्रुवारी १६७२ हा आपल्या हिशेबाने १६७३ चा फेब्रुवारी होतो. शक चैत्रात बदलतो हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटू नये. हाउलंडने २९ मे १६७२ रोजी मृत्युपत्र केले आणि नऊ महिन्यांनी त्याचे निधन झाले. आपल्या वहीत '१६७२/७३' असे दुहेरी वर्ष लिहावे.

एलिझाबेथ टिलीचीच मुलगी होती. हाउलंड हा कार्व्हर यांच्या पदरी नोकर म्हणून आला होता, टिली दांपत्य पहिल्याच हिवाळ्यात दगावले, आणि तेरा वर्षांची ही पोरकी मुलगी बहुधा कार्व्हर यांच्याच घरी राहिली असावी. त्यातून पुढच्या पिढ्यांनी तिला गव्हर्नरांची नात करून टाकले. मूळपुरुषाची सोयरीक मोठ्या घराशी जुळवण्याचा मोह आपल्या कुलवृत्तान्तकारांनाही आवरलेला नाही. प्लिमथचे नंतरचे गव्हर्नर ब्रॅडफर्ड यांनी लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुमारास गहाळ झाले होते. लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात ते सापडले, १८५६ मध्ये छापले गेले, आणि त्यातील प्रवाशांच्या यादीत हाउलंडने टिलीच्या मुलीशी लग्न केल्याचे व त्यांची दहाही मुले हयात असल्याचे स्पष्ट लिहिलेले निघाले. म्हणून कोणतीही छापील वंशावळ हाती आली की ती १८५६ पूर्वीची आहे की नंतरची, हे पाहावे.

मृत्युपत्र मात्र शब्दन् शब्द वाचावे. थोरल्या मुलाला टॉन्टन नदीच्या पूर्वेकडील शंभर एकरांचा हक्क आणि मुलींना प्रत्येकी वीस शिलिंग, ही वाटणी आज कोणालाही खटकेल. पण त्याच ओळींत डिझायर गोरम, होप चिपमन, रूथ कुशमन अशी सर्व मुलींची सासरची आडनावे आली आहेत. आपल्या जुन्या कुलवृत्तान्तांत मुलगी सासरी गेली की धागा बहुधा तुटतो. इथे वीस शिलिंगांनी तो जपला आहे. त्यामुळे जावयांच्या घराण्यात हाउलंड हे आडनाव कुठेच नसले, तरी एवढ्यावरून दावा खोटा ठरत नाही. उलट ते आडनाव असले, तरी दावा सिद्ध होत नाही, कारण जॉनचे भाऊ आर्थर आणि हेन्री हे नंतर प्लिमथला आले, आणि त्यांचे वंशज मेफ्लॉवरचे नव्हेत.

मेफ्लॉवर वंशजांच्या संस्थेने आरंभीच्या पिढ्या कागदपत्रांच्या आधारे प्रसिद्ध केल्या आहेत, तेव्हा हाउलंडपासून खाली येण्याऐवजी जावयांपासून वर जावे. प्रत्येक पायरीवर 'हा त्याचा मुलगा' असे सांगणारा एक तरी समकालीन कागद हवा. अमेरिकेच्या १८५० च्या जनगणनेपासून घरातील सर्व माणसांची नावे मिळतात. त्याआधीच्या, १७९० ते १८४० च्या गणनांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव आणि बाकीची माणसे आकड्यांत आहेत. तुमचे घोडे अडेल ते बहुधा इथेच. अशा वेळी गावोगावच्या जन्म-विवाहाच्या नोंदवह्या, वारसाहक्काचे दप्तर आणि जमिनीची खरेदीखते पाहावीत. खरेदीखतात भावंडे वडिलार्जित जमीन एकत्र विकताना दिसली, तर पितृत्वाचा त्याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो.