ब्राह्मीचा अर्क फळमाशांना देण्याआधी

अगं, अल्झायमरच्या फळमाशांवर ब्राह्मी चालते का ते बघायचंय ना तुला? अर्काचं नंतर, आधी माशा ठेवायचा इन्क्युबेटर बघ. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि फळमाशीला लागतात २५. तिशीच्या आसपास नर वांझ व्हायला लागतात. शिवाय तुझ्या माशांच्या मेंदूत अमायलॉइड बीटा, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन, बनतं ते गॅल-४ पद्धतीने: गॅल-४ हे प्रथिन हवं ते जनुक चालू करतं, आणि तापमान वाढलं की गॅल-४ जास्त जोर करतं. लाइट गेली, डबा तापला, आजार बळावला, की तू म्हणणार अर्क फेल! आतलं कमाल-किमान तापमान रोज वहीत उतरव.

मक्याचं खाद्य हाताला सोसेल इतकं निवलं, पण थिजलं नाही, तेव्हाच अर्क मिसळ. इथेनॉलमध्ये विरघळवला असशील, तर कंट्रोलच्या, म्हणजे अर्क नसलेल्या, बाटलीतही तेवढंच इथेनॉल. ब्राह्मी कडू असते बाप्पा, माशीने तोंडच लावलं नाही तर? कमी खाणारी माशी तशीही जास्त जगू शकते आणि श्रेय अर्काला मिळतं. खाद्यात निळा रंग घाल आणि पोटं निळी होतात का बघ.

चढण्याची चाचणी सोपी वाटते: नळी आपटून माशा तळाशी पाडायच्या, १० सेकंदांत चढून रेघ किती जणी ओलांडतात ते मोजायचं. पण नर-माद्या वेगळ्या ठेव, वेळ रोज तीच, आणि बेशुद्ध करायला कार्बन डायऑक्साइड दिलेल्या माशा त्याच दिवशी पळवू नकोस. नळ्यांवरचे कोड दुसऱ्या कुणाकडून लिहून घे, म्हणजे मोजताना अर्काची नळी कुठली ते तुला कळणार नाही.

आणि एक, जे बहुतेक जण टाळतात: त्याच गॅल-४ने अमायलॉइडऐवजी जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन, बनवणाऱ्या माशांनाही अर्क दे. चमक घटली, तर तुझा अर्क आजारावर नाही, गॅल-४वरच चालत असावा.