आई-बाबांसाठी हॉस्पिटल बेड आणावा, की डबल बेडच बदलावा?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ७८ वर्षांचे, पार्किन्सन, रात्री कूस बदलता येत नाही. आई ७३ च्या, दोन्ही गुडघे दुखरे. सध्या हायड्रॉलिक स्टोरेजचा डबल बेड आहे आणि तो एका बाजूने भिंतीला लावलेला. बजेट ४० हजार. भाऊ म्हणतोय, सरळ हॉस्पिटल बेड आणून टाकू.

मी डॉक्टर नाही आणि फर्निचरच्या धंद्यातलीही नाही. डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमध्ये सासू-सासऱ्यांसाठी सहा वर्षांत तीन पलंग झाले, त्यातले पहिले दोन साफ चुकले. त्या अनुभवावर सांगते. सासू-सासऱ्यांना मीही आई-बाबाच म्हणते, त्यामुळे खाली ‘आमचे’, ‘तुमचे’ जरा सांभाळून वाचा.

आधी भावाला थांबवा. २०१९ मध्ये आमच्या बाबांना अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. डिस्चार्जच्या दिवशी आम्हीही घाबरून हॉस्पिटल बेड भाड्याने आणला. तीन फूट रुंदीचा तो लोखंडी पलंग बेडरूममध्ये डबल बेडशेजारी मावेना, म्हणून हॉलमध्ये टाकला. बाबा हॉलमध्ये, आई आत. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पलंगाच्या कठड्यावर डोकं टेकून झोपलेल्या. म्हणाल्या, “आतून त्यांचा श्वास ऐकू येत नाही गं.” आठवड्याभरात त्यांचीच मान आणि कंबर धरली. त्यात डोकं वर-खाली करायचा दांडा पायथ्याशी, खाली. तो फिरवायला वाकायचं कोणी? दुखऱ्या गुडघ्यांच्या आईंनी?

हॉस्पिटल बेड वाईट असतो असं नाही. माणूस पूर्ण अंथरुणाला खिळला, भरवावं लागतंय, आडवं झाल्यावर दम लागतोय, अंथरुणातच सगळं करावं लागतंय, तर तो हवाच. मग त्यातला ‘सेमी-फाउलर’ प्रकार न घेता ‘फाउलर’ प्रकार घ्या. सेमीमध्ये फक्त पाठ उचलते आणि माणूस हळूहळू खाली घसरतो, माकडहाडाची कातडी घासते. फाउलरमध्ये गुडघ्यांकडचा भागही उचलतो. आधी गुडघे वर, मग पाठ, म्हणजे घसरत नाही. मोटरचा परवडला तर उत्तम. पण तुमचे बाबा दिवसा स्वतः चालतात असं तुम्हीच लिहिलंय. चालत्या माणसाला इतक्यात लोखंडात घालू नका.

आता उंची. सगळा खेळ उंचीचा आहे आणि दुकानात नेमकं त्याबद्दलच कोणी बोलत नाही. तिथे ‘क्वीन घ्यायचा की किंग’ इथूनच गाडी सुरू होते. आमचा दुसरा पलंग असाच घेतला. बॉक्स १७ इंचांचा, वर ८ इंचांची जाड गादी. आमच्या आई ४ फूट १० इंच. त्या काठावर बसल्या की पाय वीतभर अधांतरी. उतरताना त्या पालथ्या व्हायच्या, पोटावरून घसरत घसरत पायाच्या अंगठ्याने लादी शोधायच्या आणि लागली की “हं” म्हणायच्या. मी कितीतरी दिवस हे पाहत होते आणि मला वाटायचं, त्यांची सवय आहे.

मापायची पद्धत सोपी आहे. दोघांना वेगवेगळं, अनवाणी, कडक खुर्चीवर बसवा. पाऊल पूर्ण टेकलेलं हवं. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून लादीपर्यंत टेप लावा. गुडघे चांगले असतील तर पलंगाची उंची तेवढीच, गुडघे दुखरे असतील किंवा उठताना जोर कमी पडत असेल तर त्यावर दोनेक इंच. ही उंची गादीसकट, आणि माणूस काठावर बसून गादी दबल्यावरची. आमच्या आईंचं माप आलं १५, म्हणजे पलंग १७ चा. बाबा उंच, त्यांचं १७, म्हणजे पलंग १९ चा. एकाच पलंगात हे दोन आकडे बसत नाहीत. कोणाचं ऐकायचं?

आम्ही दोघांचंही ऐकलं. सुताराकडून दोन स्वतंत्र पलंग करून घेतले आणि एकमेकांना चिकटवून नट-बोल्टने जोडले. बाबांचा तीन फुटी, आईंचा अडीच फुटी. मधे दोन इंचांची पायरी होती. दिसायला विचित्र, पाहुणे विचारायचे, विचारू देत. फायदा आणखी एक: पार्किन्सनच्या माणसाची रात्रीची धडपड किंवा थरथर शेजारच्याच्या गादीत येत नाही. तुमच्या आईंची झोप यानेच निम्मी सुधारेल. मात्र दोन पलंग जोडायचे तर घट्ट जोडा, नाहीतर मधून माणूस जाईल एवढे लांब ठेवा. चार-सहा इंचांची फट ठेवू नका, त्यात पाय जातो.

स्टोरेज. हे वाचून तुमच्या आई नाराज होतील, आमच्याही झाल्या होत्या, कारण त्या बॉक्समध्ये चार गोधड्या, पितळेची भांडी आणि लग्नातला शालू होता. पण एक करून बघा. खुर्चीवर बसा, पावलं गुडघ्यांच्या पुढे ठेवा आणि हात न टेकता उठा. उठता येत नाही. आता पावलं मागे, खुर्चीच्या खाली सरकवा आणि उठा. आलं ना? उठायला टाचा मागे न्याव्या लागतात. बॉक्स बेडच्या फळ्या थेट लादीपर्यंत येतात, टाच मागे जायला जागाच नसते. आम्हाला हे आमच्या फिजिओ ताईंनी दाखवलं. त्यांनी बाबांना बॉक्स बेडवरून आणि मग हॉलमधल्या चार पायांच्या जुन्या दिवाणावरून उठवून दाखवलं. दिवाणावरून बाबा एका झटक्यात उठले. दोन वर्षं आम्ही त्यांना ‘जोर लावा, जोर लावा’ म्हणत होतो. म्हणून पलंग पायांचा घ्या, खालून मोकळा. पुढे कधी रुग्णासमोर सरकवायचं जेवणाचं टेबल लागलं तर त्याचे पायही आत जायला हवेत. गोधड्यांसाठी माळा आहे.

आता बाजू. तुमचा बेड भिंतीला लावलाय, म्हणजे दोघांपैकी एकाला बाहेर यायला दुसऱ्याला ओलांडावं लागतं किंवा पायथ्यापर्यंत सरकत जावं लागतं. रात्री तीनदा लघवीला उठणाऱ्या माणसाने हे करायचं! पलंग भिंतीपासून काढा, दोघांना आपापला काठ द्या. आमची खोली दहा फूट रुंद, म्हणजे १२० इंच. पलंग ३६ आणि ३० मिळून ६६. उरले ५४. त्यातले ३२ बाबांच्या बाजूला ठेवले, कारण वॉकर घेऊन वळायला तेवढे लागतात, आणि २२ आईंना. व्हीलचेअर असेल तर ३६ धरा. घेण्याआधी पलंगाच्या मापाचे वर्तमानपत्राचे कागद लादीवर चिकटवा आणि बाबांना वॉकर घेऊन फिरवा. दुकानातल्या मोठ्या जागेत सगळंच मावतं.

अर्धांग असेल तर कोणत्या बाजूने उतरायचं हेही ठरतं. आमच्या बाबांची डावी बाजू धड, म्हणून मोकळा काठ त्यांच्या डावीकडे हवा होता. पण आई ५२ वर्षं त्यांच्या डावीकडे झोपत आलेल्या. मी सुचवलं, जागा तशाच ठेवून उशा पायथ्याला नेऊ, म्हणजे बाजू आपोआप बदलेल. आईंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, “म्हणजे डोकं उत्तरेला? ते जमायचं नाही.” आठ दिवस यावर घरात खल चालला. शेवटी डोकं दक्षिणेलाच राहिलं आणि आईंनी जागा बदलली, त्या बाबांच्या उजवीकडे गेल्या. पहिल्या रात्री त्या सवयीने चष्मा डावीकडे ठेवायला गेल्या आणि तो बाबांच्या पोटावर ठेवला. तुमच्या बाबांचा एक हात-पाय जास्त जड असेल तर फिजिओला विचारा, आणि दोघांना जागा बदलायची सवय पलंग यायच्या आधीच लावा.

गादीबद्दल थोडक्यात. मेमरी फोम तुमच्या बाबांना नको. अंग त्यात रुततं आणि पार्किन्सनच्या माणसाला त्या खळग्यातून वळणं आणखी कठीण होतं, शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात ती तापते. पाच-सहा इंचांची, जरा कडक, रिबाँडेड फोमची (फोमचे तुकडे दाबून केलेली) किंवा लेटेक्सची (रबराची) बघा. दुकानात मधोमध झोपून बघू नका, काठावर दोन मिनिटं बसा. काठ दबून तुम्ही पुढे सरकत असाल तर ती गादी सोडा. कापसाच्या गादीला काठच नसतो. वर वॉटरप्रूफ पण कापडी कव्हर घाला. आम्ही आधी प्लास्टिक टाकलं होतं, घामही आणि घसरणंही.

कूस वळण्यासाठी एक स्वस्त युक्ती: चादरीवर फक्त कंबर ते मांड्या येतात तिथे सॅटिनचा आडवा पट्टा. पायाकडे साधी सुती चादरच हवी, कारण वळताना टाचेला पकड लागते. आणि पट्टा काठापर्यंत नेऊ नका, नाहीतर बसल्या बसल्या घसरगुंडी.

धरायला काठाशी एक छोटा लोखंडी दांडा घ्या, गादीखाली पट्टी जाते तसला, पण तो फ्रेमला पक्का आवळून. गादी आणि दांड्यात फट राहता कामा नये, अशा फटीत मान अडकून माणसं दगावली आहेत. पूर्ण लांबीचे कठडे मात्र टाळा. रात्री भांबावलेला माणूस ते ओलांडायला जातो आणि अधिक उंचावरून पडतो.

बारीकसारीक गोष्टी. पायथ्याला उभी फळी नको, नडगी फुटते. कोपरे गोल मारून घ्या. मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असेल तर रात्री पाय त्यात अडकतो, त्यापेक्षा खिडकीला जाळी बसवा. पलंगाशेजारचं पायपुसणं आजच उचला. लादीजवळच्या सॉकेटमध्ये नाइट लॅम्प, हाताशी दिव्याचं बटण. दारावरची वायरलेस बेल तीनचारशेला मिळते, तिचं बटण उशाशी लावा आणि बेल तुमच्या खोलीत. आणि उठल्यावर लगेच चालायचं नाही, दोन मिनिटं काठावर बसायचं. बीपीच्या आणि पार्किन्सनच्या गोळ्यांनी एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरतो.

पैशांचं म्हणाल तर आम्हाला २०२२ मध्ये दोन पलंग आणि दोन गाद्या मिळून ३८ हजार पडले. आज थोडे जास्त लागतील, पण सनमायका आणि डोक्याकडची गुबगुबीत गादी वगळली की ४० च्या आसपास जमायला हरकत नाही. कमोड खुर्ची, वॉकर यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, ६५ च्या वरच्यांना एकदाच ३००० रुपये खात्यात येतात. उत्पन्नाची अट दोन लाखांची, बसत असाल तर अर्ज करा. पलंगाला तेवढे पुरणार नाहीत, पण कमोड खुर्ची सुटेल.

सुताराला एकच गोष्ट बजावून सांगा: पाय ठोकून पक्के करू नको, बोल्टचे लाव. दोन वर्षांनी आमच्या आईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि १७ इंचही त्यांना खोल वाटायला लागले. सुतार आला, अर्ध्या तासात दोन इंच लांब पाय लावून गेला. आता दोन्ही पलंग एका पातळीत आहेत. जुने चार पाय माळ्यावर आहेत, गोधड्यांच्या शेजारी, टाकायचे नाहीत म्हणून आईंनीच कापडात बांधून ठेवलेत.