'शांतीने जा' म्हणजे नेमके कसे जायचे?

प्रश्न असा आला आहे: "मार्कच्या शुभवर्तमानात येशू त्या बाईला 'शांतीने जा' असे सांगतो. म्हणजे गडबड न करता जा, असेच ना? आमच्या घरात दोन वर्षे आजारपण आहे, पैशांची ओढाताण आहे, मन एक दिवस थाऱ्यावर नसते. प्रार्थनासभेत सगळे 'मला प्रभूची शांती आहे' म्हणतात, तेव्हा ते शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. मला शब्द कळला नाही, की माझा विश्वासच कमी पडतो?"

विश्वासाचे माप काढणारा मी कोण? पण शब्दाचे सांगू शकतो, आणि अर्धी अडचण शब्दातच आहे असे मला मनापासून वाटते.

मराठी कानाला 'शांती'त 'शम्' धातू ऐकू येतो. शमणे म्हणजे विझणे, निवणे, थांबणे. आग शांत होते, राग शांत होतो, भूक शांत होते. माणूस गेला तरी 'ते शांत झाले' म्हणतो. वास्तुशांत, उदकशांत, ग्रहशांती यांतही कसला तरी उपद्रव निवारायचा असतो. काहीतरी सरते आणि मागे निवांतपणा उरतो. म्हणून 'शांतीने जा' वाचले की 'हळू जा, गलबला करू नकोस' असे मनात येते.

आता ती गोष्ट आठवा. बारा वर्षे रक्तस्रावाने गांजलेली बाई गर्दीतून मागून येते आणि गुपचूप वस्त्राला शिवते. शांतपणे तर ती आलीच होती! येशू थांबतो, 'मला कोण शिवले' म्हणून विचारतो, तिला चारचौघांत बोलायला लावतो आणि मग म्हणतो, शांतीने जा. इथे गप्प राहण्याचा अर्थ बसतच नाही. ग्रीक मजकुरात शब्दशः 'एइरेनेमध्ये (शांतीमध्ये) जा' असे आहे, आणि त्यामागे जुना हिब्रू निरोप उभा आहे: 'लेख लेशालोम', म्हणजे 'शालोमकडे जा'; शालोम हा शांतीचा हिब्रू शब्द. मूल होत नाही म्हणून रडणाऱ्या हन्नेला एली याजक हेच म्हणतो.

'शालोम'चे मूळ श-ल-म. त्याचा गाभा अखंड असणे, पुरे असणे. वेदी बांधायला हत्यार न लावलेले सबंध दगड घ्या, असे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात सांगितले आहे. तिथे 'सबंध' या अर्थी शब्द आहे 'शेलेमोत'. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूसमोर जे खरे वजन ठेवले आहे ते 'एबेन शेलेमा', म्हणजे पुरा भरणारा दगड. (पूर्वी आपल्याकडेही बाजारात वजनाला दगड लावत, त्यामुळे हे उदाहरण मला फार आवडते.) आणि निर्गमच्या २२व्या अध्यायात चोरीची भरपाई करायला सांगताना जे क्रियापद वारंवार येते, तेही याच मुळाचे. कमी होते ते भरून दिले, आता पुरे झाले.

मग मराठीत याच्या जवळचे काय? माझ्या मते 'सुखरूप' आणि 'क्षेमकुशल'. जुन्या मोडी पत्रांत 'येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे' असा मायना असे. तसाच रिवाज हिब्रूतही होता. प्राचीन यहूदातल्या लाखीश येथे १९३५ साली खापरांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडली. ती बाबिलोनी सैन्याने शहर पाडले त्याच्या आगेमागची, इसवी सनापूर्वी ५८७च्या सुमाराची आहेत. त्यांत खालचा अधिकारी वरच्याला लिहितो, परमेश्वर माझ्या धन्याला 'शालोम'ची वार्ता ऐकवो. शत्रू चालून आला असताना शांततेची वार्ता कुठली! ती कुशलाची वार्ता आहे.

याहून टोकाचे उदाहरण २ शमुवेल ११:७ मध्ये आहे. दावीद राजा आपल्या सैनिकाला, उरियाला, सेनापती यवाबाचा शालोम विचारतो, लोकांचा शालोम विचारतो, आणि तिसऱ्यांदा चक्क लढाईचा शालोम विचारतो. 'लढाईची शांती' मराठीत विचित्र वाटते, 'लढाईचे कसे काय चालले आहे' अगदी सरळ वाटते. त्याच उरियाच्या बायकोला दावीदाने आधीच आपल्याकडे आणवले आहे आणि पुढे तो त्याला मरायला पाठवणार आहे. कुशल विचारण्याचा शब्द इतका पोकळ झालेला मी दुसरीकडे वाचलेला नाही.

म्हणूनच मराठी अनुवादकांना एकाच शब्दासाठी अनेक शब्द घ्यावे लागले. यिर्मया २९:११ मध्ये देवाचे संकल्प 'हिताचे' आहेत असे आपण वाचतो. मुळात तिथे शालोमच आहे. उलट, समुद्रावरचे वादळ थांबते तेव्हा मार्क 'एइरेने' वापरत नाही, 'गालेने' म्हणतो, म्हणजे पाण्याचा संथपणा. ती शांतता. मी लिहिताना हा भेद पाळतो: वारा पडला की शांतता, तुटलेले सांधले की शांती. 'मनःशांती' हा शब्द चांगलाच आहे, पण बायबलमधल्या शांतीला तो अपुरा पडतो, कारण ही शांती एकट्याच्या मनात मावत नाही. कलस्सै ३:१५ मध्ये ख्रिस्ताची शांती अंतःकरणात 'राज्य करो' असे मराठीत आहे. ग्रीक क्रियापद पंचाने निकाल देण्याचे आहे. आणि हे वाक्य येते ते एकमेकांचे सोसा, क्षमा करा, या सांगण्यानंतर. रोजच्या घरात हे फार उपयोगी आहे. भावाशी जमिनीवरून अबोला आहे, घरात आवाज नाही, सगळे शांत आहे. पण शांती नाही. असली जखम वरवर बरी करून 'शांती, शांती' म्हणणाऱ्यांवर संदेष्टा यिर्मया (६:१४) किती संतापला आहे ते जरूर वाचा.

आता तुमच्या तोंडून न निघणाऱ्या शब्दांविषयी. २ राजे ४ मधली शूनेमची बाई. मुलगा घरात मरून पडला आहे, ती संदेष्टा अलीशाकडे निघाली आहे. त्याचा नोकर गेहजी वाटेत विचारतो, तुझा शालोम ना, नवऱ्याचा, मुलाचा? ती एकच शब्द टाकते, 'शालोम', आणि पुढे जाते. या उत्तराला कुणी थोर विश्वास म्हणतात. मला तर वाटते, तिला नोकरापाशी थांबायचेच नव्हते. अलीशाजवळ पोचल्यावर ती त्याचे पाय धरते, आणि तिचा जीव कष्टी आहे हे त्याला दिसते. तिच्या दुःखाबद्दल कुणी तिला बोल लावत नाही.

वरच्या उदाहरणांत आणखी एक गोष्ट दिसेल. शालोम बहुतेक ठिकाणी विचारला आहे किंवा मागितला आहे: आहे का? असो. मिस्सेतही (कॅथोलिक उपासनेत) 'शांती तुम्हांबरोबर असो' असेच म्हणतात. 'मला शांती आहे' म्हणवत नसेल तर 'शांती असो' म्हणा. ते खोटे नाही.

आणि रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय उघडा. 'सलाम सांगा', 'सलाम सांगा' अशी नावांची रांग आहे. मुळातले ग्रीक क्रियापद वेगळे, नुसते अभिवादनाचे. पण मराठीने त्यासाठी घेतलेला 'सलाम' फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द आहे आणि शालोमचा सख्खा भाऊ. सभा सुटल्यावर शेजारणीला सलाम करताना तिच्या घरचे कुशल विचारता ना?