एका तासाचा नियम असताना कॅशलेसची मंजुरी का अडकते?

तुम्ही विचारलंय की आईच्या कॅन्सरच्या इंजेक्शनसाठी नाशिकमधून प्री-ऑथ (उपचाराआधी मंजुरीचा अर्ज) पाठवलं, पण विमा कंपनी क्वेरीवर क्वेरी (शंका, जादा कागदांची मागणी) टाकतेय. मग एका तासाच्या नियमाचा उपयोग काय, आणि तो बदलायला हवा का?

हो, बदलायलाच हवा. मी नाशिकमध्येच एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या क्लेमची कागदपत्रं बघणाऱ्या खिडकीवर, काम करतो, त्यामुळे हे रोज बघतो. विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर एका तासात निर्णय द्यायचा असतो, तर डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत. पण क्वेरी पडली की घड्याळ पुन्हा शून्यावर. आधी बायोप्सीचा रिपोर्ट मागतात. तो दिला की त्रास कधीपासून आहे याचं डॉक्टरांचं पत्र. तेही पोचलं की 'हेच औषध का?' खरं तर त्याचं उत्तर पहिल्याच दिवशी पाठवलेल्या आयएचसी (गाठीच्या पेशींची तपासणी) रिपोर्टमध्ये असतं. तोवर पेशंट सलाईनची सुई टोचून घेऊन बसलेला आणि नातेवाईक आमच्या काचेपाशी उभे. कळवण-सुरगाण्याहून आलेल्या माणसाला तर परत जाऊन उद्या येतो म्हणायचीही सोय नसते.

माझ्या मते सगळ्या शंका एकदाच, एकाच पत्रात विचारायचं बंधन हवं, आणि औषध नाकारणाऱ्या कंपनीच्या डॉक्टरचं नाव व नोंदणी क्रमांक पत्रावर हवा. डिस्चार्जला तीन तासांपेक्षा उशीर झाला तर हॉस्पिटलचा वाढीव खर्च कंपनीने भरायचा, असं त्याच परिपत्रकात आहे. पहिल्या मंजुरीच्या उशिरालाही असाच भुर्दंड बसला, तरच फरक पडेल.

तुम्ही मात्र आत्ता थांबू नका. डेस्कवरून प्रत्येक क्वेरीची प्रत मागून घ्या. ऑन्कॉलॉजिस्टकडून (कॅन्सरच्या डॉक्टरांकडून) स्टेज, डोस, किती सायकल (औषधाच्या फेऱ्या) आणि हेच इंजेक्शन का, हे सगळं एकाच पत्रात लिहून घ्या. इम्युनोथेरपीची (प्रतिकारशक्तीच्या मदतीने कॅन्सरशी लढणारी) मोनोक्लोनल अँटीबॉडी असेल तर पॉलिसीतली उपमर्यादा आधी बघा, कारण अशा उपचारांना कव्हर असलं तरी बऱ्याच पॉलिसींत रकमेची मर्यादा असते. नकार आलाच, तर पॉलिसीच्या कोणत्या अटीवरून, हे कंपनीने लेखी द्यावंच लागतं. ते पत्र जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल करा आणि आयआरडीएआयच्या बीमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. नाशिक त्यांच्याच कक्षेत येतं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.